दोन बाय दीड

नगरसेवक म्हणाले, फरशी दोन बाय दीडची आहे,
कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो,
तेव्हा मोजकंच लिहा, बाई,
तुम्ही शाळेत मराठी शिकवता.

कै. मल्लेशम चिलवेरी. कै. बालामणी चिलवेरी.
एवढ्यातच अर्धी फरशी भरली.
'समाजसेवक' लिहिलं, खोडलं.
मामांनी चष्म्यावरून बघत विचारलं असतं,
पगार किती असतो त्याला?

मिल बंद झाली तेव्हा
कुणी हिशेबाचे पैसे आणले, कुणी तेही नाही.
मामांनी आणला एक फुटका धोटा.
बालाम्मा भडकली: हा काय शिजवून घालू?
मग तोच धोटा घेऊन
ती पंचवीस वर्षं रात्रीची उठली.

आमच्या बोळात पाणी पाचव्या दिवशी येतं,
दोनला, साडेतीनला, त्याच्या मर्जीनं.
नळात हवा सुसकारली की तिला झोपेत कळायचं.
मग या दारावर टक्, समोरच्या दारावर टक्,
पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे,
बोळाच्या टोकापर्यंत धोटा.
गड्डमांकडे, नीळ्ळु वच्चिनाय.
हिरेमठांकडे, नीरु बंतु.
आमच्याकडे, उठ गं, पाणी आलं.
मणेरांकडे हाक नाही.
मुलगा गेल्यापासून रुकय्याबी जागीच असायची.
तिच्या पायरीवर बालाम्मा घटकाभर टेकायची,
स्वतःची घागर भरायची राहिलेली असताना.

मामा अर्ज भरायचे.
विडी कामगाराचं कार्ड, फंड, पेन्शन, मयताचा दाखला.
दिवसभर लूमवर, रात्री ओट्यावर,
कानातला कापूस तसाच विसरून.
त्यामुळे आम्ही आपापली दुःखं
त्यांना ओरडून सांगितली आहेत.

जन्मतारीख माहीत नसली की
ऑफिसात सगळ्यांची एक जून टाकतात.
मामा टाकत नसत.
माझ्या आईला त्यांनी तीन रात्री बसवलं:
थंडी होती? आजी काय सांगायची? गड्डा भरला होता?
भरला होता. अक्षता होऊन एक रात्र उलटली होती.
तर मग पंधरा जानेवारी, म्हणाले,
आणि साल कुठल्याशा संपावरून मागं मोजत काढलं.
बावन्नाव्या वर्षी आईला वाढदिवस मिळाला.
तिनं पाव किलो जिलेबी आणली,
तंबाखूचे हात धुऊन
एकटीनं खाल्ली, लाजत.

देव नव्हते हो.
मामा रिफिलचे दोन रुपये मागून घ्यायचे.
नळावर कुणी रांग मोडली
तर बालाम्मा त्याची घागर गटारात उपडी करायची.
माझीही केली आहे.
दोघं तेलुगूत भांडायची,
त्या भाषेतले तेवढेच शब्द बोळभर पाठ.

मामा फेब्रुवारीत गेले.
त्यांच्या दाखल्याचा अर्ज मीच भरला.
व्यवसाय? बालाम्मा म्हणाली, जॉबर लिही.
बंद मिल पडली, जॉबर नाही.
जन्मतारखेसाठी कार्ड उलटलं:
एक जून.
तिचं मागितलं. तिचीही एक जून.
विचारणारं कुणी नव्हतं आम्हाला, म्हणाली,
आणि चहा ठेवायला आत गेली.

ती दिवाळीच्या तोंडावर गेली.
पाचव्या रात्री पाणी आलं, कुणालाच कळलं नाही.
सकाळी बोळ ओला
आणि एकेचाळीस घरांत घागरी कोरड्या.
दारादारात सगळे नुसते उभे.
कुणी कुणाला बोल लावला नाही.

दहाव्या रात्री दारावर टक्.
रुकय्याबी, हातात धोटा.
उठ गं, मला म्हणाली, पाणी आली.
गड्डमांच्या दारात तिचं तेलुगू पार मोडलं.
ते उठले.

फरशी अजून कोरायला दिलेली नाही.
मयताच्या तारखा आहेत, जन्माच्या कोऱ्या.
नगरसेवक रोज फोन करतात.
मी दारोदार वही घेऊन फिरते आहे:
मामा जन्मले तेव्हा थंडी होती का?
बालाम्माची आई कुणाकडे काही बोलली होती का?